जेऊरला न गेलेली बाहुली

मल्लिनाथ,

मेलेल्या माणसाविषयी लिहिणं सोपं असतं, तो मध्ये बोलत नाही. तू जिवंत आहेस. हुबळीला मुलीकडे राहतोस, रोज सकाळी नातवाला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडतोस, असं तुझी बायको शिवलीला सांगते. आणि माझा फोन उचलत नाहीस. म्हणून लिहिते आहे. हे तुझ्याखेरीज इतरही वाचणार, तेव्हा तुला ठाऊक असलेल्या गोष्टीसुद्धा पुन्हा सांगाव्या लागतील. कंटाळा आला तरी वाच. वर्गात खिडकीबाहेर बघत बसायची तुझी सवय मी विसरलेले नाही.

तू मोठा डॉक्टर नव्हतास. तोंडावर सांगत आले आहे, आता लिहायला काय हरकत? सोलापुरात विजापूर रस्त्याला दोन खोल्यांचा दवाखाना, बाहेर चपलांचा ढीग, आत लहान मुलांची रडारड. बाळीवेशीतल्या रुद्रप्पांच्या भुसार दुकानातला हा मुलगा डॉक्टर झाला याचंच घरात एवढं कौतुक, की पुढे काय होतोस याची कुणाला पर्वा नव्हती. तुझी आई शांतम्मा शेवटपर्यंत तुला कन्नडमध्ये एकच विचारायची, जेवलास का. तू स्टेथोस्कोप आधी स्वतःच्या गालाला लावून बघायचास, थंडगार नाही ना म्हणून, आणि मग पोराच्या छातीला. तुझी कीर्ती एवढीच.

मी तुला बारावीला प्राणिशास्त्र शिकवलं. त्या काळी बेडूक कापायला लागायचा. प्रयोगशाळेत एका टेबलाभोवती दहा-बारा पोरं, कापणारा एक आणि बाकीचे त्याच्या खांद्यावरून माना घालणारे. तू सगळ्यांत मागे.

"बाई, दिसत नाही."

"मग पुढे ये."

"पुढं जागाच नाही की."

मी त्या दिवशी पुढच्यांना मागे पाठवलं आणि चिमटा तुझ्या हातात दिला. पहिला बेडूक तू वाया घालवलास, दुसराही. मी म्हटलं, डोक्याला कळलं म्हणजे हाताला कळलं असं नसतं, हाताला वेगळं शिकवावं लागतं, आणि तो विसरतोही लवकर. हे मी दरवर्षी प्रत्येक तुकडीला सांगत होते. मनावर फक्त तू घेतलंस. कशाला घेतलंस असं आता वाटतं.

त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनी तू एका दुपारी माझ्या घरी आलास. कपाळाला आठ्या. शेंगाचटणी आणि भाकरी पुढे ठेवली तर नुसता चिवडत बसलास. आदल्या दिवशी करमाळ्याकडून जीपमधून एक बाळ तुझ्याकडे आणलं होतं. जन्मल्यावर रडलं नव्हतं. सोलापूरला पोचेपर्यंत श्वास चालू झाला होता, पण पहिली काही मिनिटं मेंदूला प्राणवायू मिळाला नव्हता. ते वाचलं. आज त्याच्या वयाची मुलं शाळेत जातात आणि ते मान धरत नाही.

जेऊरच्या पुढे एका उपकेंद्रात ते जन्मलं होतं. तिथल्या मथुरा सिस्टरला तू फोन लावलास, रागवायला. ती काय म्हणाली ते तू मला तिच्या आवाजात करून दाखवलंस.

"रडलं नाही तेव्हा काय केलंत, सिस्टर?"

"पाठ चोळली, सर. तळव्याला टिचक्या मारल्या."

"अंबू बॅग होती का?"

"व्हय, हाय की. कपाटात हाय. नवी कोरी."

"मग लावली का नाही?"

"शिकीवलं हुतं आमाला, सर. पडद्यावर दाखीवलं हुतं."

अंबू बॅग म्हणजे हाताने दाबायचा रबरी फुगा, पुढे छोटा मास्क. बाळाच्या नाकातोंडावर मास्क घट्ट बसवायचा, फुगा हलका दाबायचा, की छाती वर येते. एवढंच. पण मास्क जरा तिरका बसला की हवा गालावरून निघून जाते आणि आत काहीच जात नाही. हे पडद्यावर बघून येत नाही. तू म्हणालास, "बाई, ही बाई टेबलाच्या मागं उभी होती. माझ्यासारखी."

आणि मग खरं काम काढलंस. तू शिशुवैद्य मंडळाचा सचिव झाला होतास. शहरातल्या बालरोगतज्ज्ञांची ही संघटना. "मंडळासाठी प्रशिक्षणाचा आराखडा लिहून द्या. तुम्ही कॉलेजचे एवढे आराखडे लिहिलेत. आमच्या लोकांना गोळ्यांच्या नावांपलीकडं काही लिहिता येत नाही."

मी लिहिला. आधी मंडळ काय करतं ते विचारलं. वर्षातून काही रविवार हॉटेलात व्याख्यानं, औषध कंपनीचं जेवण, सहीला क्रेडिट पॉइंट. डॉक्टरला परवान्याच्या नूतनीकरणासाठी ते पॉइंट लागतात, म्हणून सही करायला सगळे येतात आणि जेवून निम्मे जातात.

"यांतले बाळंतपणं किती जण करतात?" मी विचारलं.

"कोणीच नाही. आम्ही मुलांचे डॉक्टर."

"मग ज्या करतात त्या कुठे असतात?"

"त्या सिस्टर आहेत, बाई. त्यांना पॉइंट लागत नाहीत. त्या मंडळाच्या सभासदही नाहीत."

तिथेच मी पेन खाली ठेवायला हवं होतं असं कोणी म्हणेल. मला उलट चेव आला. आपण दोघांनी माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून ठरवलं: शिकणाऱ्याला शहरात बोलवायचं नाही, त्याच्याकडे जायचं. करमाळा, माढा, अक्कलकोट, एकेका तालुक्याची जबाबदारी एकेका डॉक्टरने घ्यायची. एकदा शिकवून मोकळं व्हायचं नाही, तीन महिन्यांनी पुन्हा जाऊन त्याच सिस्टरचा हात बघायचा. किती जणी आल्या ते मोजायचं नाही, किती जणींच्या हाताखाली सरावाच्या बाहुलीची छाती वर येते ते बघायचं. पाच वर्षांचा आराखडा. तू तो घडी करून खिशात घातलास आणि पहिल्यांदा भाकरीला हात लावलास.

वार्षिक सभेला मी निमंत्रित म्हणून आले. टाळ्या पडल्या. एकमताने मंजूर. चांगल्या कामाचं मंजूर होणं किती सोपं असतं ते मला तिथे कळलं. महिन्याभरात पदग्रहण झालं आणि नवे अध्यक्ष आले. तुमच्या मंडळात अध्यक्ष एका वर्षाचा आणि प्रत्येकाला स्वतःचा विषय हवा. त्या वर्षीचा विषय होता मोबाईलमुक्त बालपण. शाळाशाळांतून फलक लागले. आराखडा 'पुढच्या समितीसमोर' गेला. मी तुला म्हटलं, "अध्यक्ष वर्षाचा आणि आराखडा पाच वर्षांचा, हे लग्न टिकायचं कसं?" तू तुझं ते आवाज न करता हसणं हसलास.

पुढच्या वर्षी डॉ. अमृत कोरे अध्यक्ष झाले. माणूस वाईट नाही. मला भेटले की वाकून नमस्कार करतात, आणि प्रत्येक गोष्ट समारंभाने करतात. त्यांनी बाहुली घेतली. खऱ्या बाळाएवढी, रबराची, छातीत हवेची पिशवी. मास्क नीट बसला तरच छाती वर येणार. तू लहान पोरासारखा ती घेऊन माझ्याकडे दाखवायला आलास. मला लावायला दिलीस, मला जमलं नाही, तुला केवढा आनंद झाला. "बघा, बघा, बाईंना येत नाही."

प्रशिक्षण मात्र हॉटेलातच ठरलं. "सर, तालुक्याला कोण जाणार रविवारी?" असं कोरे म्हणाले, आणि खरंच कोणी हात वर केला नव्हता. मग सिस्टरांनाच बोलावलं. पहाटेच्या एस.टी.ने, पॅसेंजरने जिल्ह्यातून त्या आल्या, गणवेशात. व्यासपीठावर बाहुलीला हळदकुंकू लावलं, समोर नारळ ठेवला. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, मनोगत. जेवणाची वेळ झाली. जेवणानंतर एक बाहुली आणि दारापर्यंत रांग.

मथुरा सिस्टर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. ठेंगणी, हातात डब्याची पिशवी, सारखी दाराकडे बघणारी, कारण तिची गाडी होती. तिची पाळी आली. तिने मास्क धरला, आणि फोटोवाला म्हणाला, "सिस्टर, इकडं बघा." ती हसून इकडे बघत राहिली आणि फुगा दाबला. छाती वर आली का नाही ते तिने बघितलं नाही. कोणीच बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला.

तू मला गाडीने घरी सोडलंस. फाटकापाशी म्हणालास, "बाई, ती परत मागंच राहिली."

त्यानंतर बाहुली काचेच्या कपाटात गेली. कपाट कोऱ्यांनी दिलेलं, मंडळाच्या सभागृहात, खाली पितळी पाटी, किल्ली त्यांच्याजवळ. त्यांचं वर्ष संपलं तरी किल्ली त्यांच्याजवळच. तू मागायला गेलास तेव्हा मी बरोबर होते.

"ठराव लागेल, सर," ते म्हणाले. "मंडळाची मालमत्ता आहे. तिकडं नेली, कोणी पाडली, फुटली, तर जबाबदार कोण?"

"फुटायलाच असते ती, अमृत. शिकताना फुटायची."

"सर तुम्ही लई विनोदी आहात," ते म्हणाले आणि चहा मागवला.

आता मी जे लिहिणार आहे ते तुला आवडणार नाही. मी तुला तेव्हाच म्हटलं होतं, दुसरी बाहुली तू स्वतः आण आणि जा जेऊरला. तुला काही अशक्य नव्हतं. तू नाही म्हणालास. "मी एकट्यानं केलं तर ते माझ्याबरोबर जाईल, बाई. मंडळानं करायला हवं. मंडळ राहणार आहे, मी नाही." तत्त्व म्हणून बरोबर होतं. आराखड्यातलं पहिलं वाक्य माझंच होतं, की हे काम व्यक्तीचं नव्हे, संस्थेचं आहे. पण तू त्या वाक्याला धरून बसलास. टॉवेलची गुंडाळी घेऊन एकदा मथुरा सिस्टरकडे जाऊन आलास, मास्क कसा धरायचा ते दाखवलंस. टॉवेलला छाती नसते. ती "व्हय सर, व्हय सर" म्हणाली. तुला वाटलं, तोवर ठराव होईल.

ठराव झाला नाही. तिच्याकडे दुसरं बाळ न रडता जन्मलं.

तिचा फोन आला तेव्हा तू माझ्याकडे बसलेला. फोन स्पीकरवर होता, कारण तुला एका कानाने कमी ऐकू यायला लागलं होतं.

"सर, ह्या बारीला मी बॅग लावली."

"बरं केलंत. मग?"

"दाबली, सर. लई दाबली. छाती हलली न्हाय."

तू विचारलंस, मास्क गालाच्या बाजूने उचलला होता का. ती म्हणाली, "मला कसं कळंल, सर?" बाळ गेलं होतं. फोन कोणी ठेवला ते मला आठवत नाही. भाकरी तशीच राहिली.

त्या वर्षीच्या सभेत तू उभा राहिलास. नाव, गाव वगळून, दोन्ही बाळांची हकीकत वाचलीस. आवाज चढवला नाहीस. म्हणालास, पहिल्या बाळाच्या वेळी तिच्याकडे बॅग होती आणि हात नव्हता, दुसऱ्या बाळाच्या वेळीही तेच, मधे आपण फक्त एक फोटो काढला. मला वाटलं, आता हलतील.

कोरे उठले. "सरांच्या भावना आपण सगळे समजतो. पण विषय कायदेशीर होऊ शकतो. कार्यवृत्तात नको घेऊ या." मग त्यांनी हातातला कागद बघितला आणि चेहरा फुलला. पुढचा विषय होता सत्कार. तुझाच. प्रशिक्षण क्षेत्रातल्या योगदानाबद्दल जीवनगौरव. तुला आधी कळवलं नव्हतं, आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. माझ्या शेजारी शिवलीला बसलेली. तिला मात्र सांगून, नटवून आणलं होतं. तिने माझा हात घट्ट धरला. तिला धड हसता येईना.

तुझ्या अंगावर सत्काराची सोलापुरी चादर घातली. स्मृतिचिन्ह दिलं. मानपत्रात आराखड्याचा उल्लेख होता, 'दूरदृष्टीचा' असा. न झालेल्या कामाबद्दल एखाद्याचा गौरव करायचा आणि तोच ते काम संपल्याची पावती, ही युक्ती कोणी मुद्दाम केली नव्हती. त्या सगळ्यांना मनापासून वाटत होतं की ते तुझं चांगलं करताहेत. मला राग यायचा तो यानेच. लबाडी असती तर भांडता आलं असतं.

आणि भरात येऊन कोऱ्यांनी खिशातून किल्ली काढली. "सर, आजपासून बाहुली तुमची." टाळ्या. एवढा वेळ जी ठरावाशिवाय मिळत नव्हती ती त्या चादरीसारखी मिळाली. तुला माईक दिला. तू म्हणालास, "जेवण गार होतंय. चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण दोघे कपाट उघडायला गेलो. सभागृहाची ती खिडकी पश्चिमेची. दोन उन्हाळे त्या काचेमागे तिने काढले होते. सोलापूरचं ऊन. रबर पिवळं पडून हनुवटीखाली तडकलेलं, कपाळावर अजून कुंकवाचा डाग. तू तिला टेबलावर ठेवलंस, मास्क बसवलास, फुगा दाबलास. पुन्हा दाबलास. तुझा हात चुकत नव्हता, मी बघत होते. आतली पिशवी चिकटून बसली होती. छाती वर येईना.

तू तिला उलटी करून हलवलीस, बाळाला हलवावं तशी हळू, आणि परत ठेवलीस.

"पिशवी वेगळी मिळते," म्हणालास. "मी मागवतो. तुमच्या पत्त्यावर मागवतो, दवाखान्यात दुपारी कोणी नसतं. आली की लगेचच्या रविवारी सकाळच्या गाडीनं जेऊर. तुम्ही चला."

"मी काय करू तिथे?"

"मागं उभ्या असतील त्यांना पुढं ढकला. तेवढंच तुम्हाला येतं." त्या दिवशीचं तुझं तेवढंच हसणं.

मला मथुरा सिस्टरला निरोप द्यायला सांगितलंस. दिला. ती म्हणाली, "सर सोता येनार? मग मी शेजारच्या उपकेंद्रातल्या दोघींनाबी बोलावती."

बाहुली माझ्या घरी आली. पिशवीचं पार्सल यायला वेळ लागला. तेवढ्यात तू दवाखान्यावरची पाटी उतरवलीस. मला कळलं ते दूधवाल्याकडून. शिवलीला भेटायला आली, स्टेशनवर जायच्या आधी पाच मिनिटं. "यांना झोप येत नाही, बाई," म्हणाली. "सारखं म्हणतात, टॉवेल नेला, टॉवेल. हुबळीला गेल्यावर जरा बरं वाटेल." तू खाली रिक्षात बसून राहिलास. मी गॅलरीतून बघितलं. तू वर बघितलं नाहीस.

मल्लिनाथ, तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. मंडळाची वाट बघितली नसतीस तर ते बाळ कदाचित जगलं असतं, कदाचित नसतंही. तुझं समाधान करायला मी हे लिहीत नाही. मला समाधान करता येत नाही, तू जाणतोस. पण हुबळीला बसून तू त्या दोन बाळांसाठी काय करतो आहेस?

तू गेल्यावर पार्सल आलं. मी मंडळाच्या नव्या अध्यक्षांना फोन केला. म्हटलं, बाहुली माझ्याकडे आहे, पिशवीही आली आहे, कोणी तरी एक डॉक्टर द्या, एक रविवार. अतिशय आदराने बोलले. म्हणाले, विषय छान आहे, पुढच्या समितीसमोर ठेवू. या वर्षी लठ्ठपणा आहे. कोऱ्यांनाही विचारलं. ते म्हणाले, "बाई, मी सरांएवढं कुठं शिकवू शकतो?" नम्रपणे काम टाळणाऱ्या माणसापुढे मी तरी हात टेकले.

मी एकटी जाऊ शकते. पंचाहत्तरी झाली तरी माझे पाय ठीक आहेत. पण जाऊन करू काय? मी बेडकाची बाई. मास्क माझ्या हाताला बसत नाही, तू बघितलं आहेस. मी गेले तर आणखी एक समारंभ होईल.

परवा मथुरा सिस्टरचा फोन आला. आधी माझी तब्येत विचारली. मग म्हणाली, "बाई, सर कवा येनार हायत? माज्याकडं ह्या महिन्यात दोघी-तिघी हायत. येक तर पयलटकरीन हाय, तिला करमाळ्याला जा म्हनलं तर सासू न्हाय म्हनतीया."

मी म्हटलं, विचारते.

"त्या दोघीबी इचारत्यात. त्यास्नी मी सांगून ठिवलंय. सर आलं की पयल्यांदा मलाच करू द्या म्हनावं. मी म्होरं हुबी ऱ्हानार हाय."

मग मी तुला फोन लावला. वाजत राहिला. रात्री शिवलीलाला लावला. ती म्हणाली, झोपलेत. मागून टी.व्ही.चा आवाज येत होता आणि कोणी तरी तो बंद केला.

बाहुली माझ्या दिवाणावर आहे. कपाळावरचा डाग मी पुसून काढला, तडा तसाच आहे. पार्सल दिवाणाखाली, फोडलेलं नाही. पिशवी आत कशी बसवायची ते तुलाच माहीत. रविवारची सकाळची गाडी अजून त्याच वेळेला सुटते, मी स्टेशनवर विचारून आले. जेऊरला आपण गेलो नाही.